पंधरा पावलांवरून साल्वे

मोरोपंत : आणि समोरच्यानं उत्तरच दिलं नाही तर?

उर्वी : देतो आजोबा. इटलीत देतातच. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस शिरला तरी म्हणतो, ब्वोनजोर्नो. पावाच्या दुकानात शिरलं की आधी ब्वोनजोर्नो, मग पाव.

मोरोपंत : शिरलं की. म्हणजे जो शिरतो तो आधी म्हणतो?

उर्वी : हो. आत येणारा आधी.

मोरोपंत : हे कुठं लिहिलेलं आहे?

उर्वी : लिहिलेलं असेल कुठंतरी. मी तीन महिने त्रिएस्तेच्या प्रयोगशाळेत होते ना, तेव्हा रोज पाहिलंय. न बोलता आत शिरलं तर दुकानदारीण अशी बघते की जणू आपण चप्पल घालून देवघरात आलो.

मोरोपंत : आत येणारा आधी! बघ. एवढा पुढारलेला देश माझ्या बाजूनं आहे.

उर्वी : तुमच्या बाजूनं? कशात?

मोरोपंत : काही नाही. तू पुढं शिकव.

उर्वी : आजोबा, पाऊण तास झाला. तुम्ही म्हणालात, निव्वळ ज्ञान म्हणून शिकायचंय. निव्वळ ज्ञानवाला माणूस एक ते दहा आकडे विचारतो, पाण्याला काय म्हणतात विचारतो. तुम्ही नमस्काराच्या पुढं सरकायलाच तयार नाही.

मोरोपंत : पाया पक्का हवा. चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी. बेरीज आल्याशिवाय कुणाला वजाबाकी दिली नाही.

उर्वी : गुरुवारी दत्ता आजोबा इटलीला चाललेत.

मोरोपंत : कोण दत्ता?

उर्वी : आजोबा!

मोरोपंत : असेल कुणी. देवासात दत्ता पुष्कळ.

उर्वी : जे रोज सकाळी टेकरीवर तुमच्या पुढं पंधरा पावलं चालतात, ते. तिसरीपासून तुमच्या बाकावर बसायचे, ते. ज्यांच्याशी तुम्ही अकरा वर्षं एक शब्द बोलला नाहीत, ते.

मोरोपंत : पंधरा पावलं? तू मोजलीस?

उर्वी : दोनदा. एकदा पंधरा आली, एकदा साडेपंधरा. आणि मला यात एक गोष्ट समजत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांचा वेग निम्म्यावर आला. अंतर मात्र पंधराच राहिलं. तुमचे गुडघे तर ठणठणीत आहेत.

मोरोपंत : वाट अरुंद आहे. पुढं जाता येत नाही.

उर्वी : त्या वाटेवर चौघं बरोबरीनं चालतात.

मोरोपंत : उर्वी, तुला एम.एस्सी. करायला पाठवलं ते माझी पावलं मोजायला नव्हे.

उर्वी : बरं. राहिलं. मी चहा ठेवते.

मोरोपंत : बैस. दार लोटून घे. आणि हे कुणाला सांगायचं नाही. ... तो काही परत यायचा नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस घर भाड्यानं देऊन मुलाकडं जातो, तो हवा पालटायला जात नाही. मला त्याला जाण्याआधी एकदा नमस्कार करायचाय.

उर्वी : मग करा की! दोन गल्ल्या सोडून तर राहतात.

मोरोपंत : आधी करता येत नाही.

उर्वी : का?

मोरोपंत : तुला ठाऊक आहे का. देवास गाव एक, गाद्या दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. माझे पणजोबा थोरल्या पातीचे फडणीस. त्याचे पणजोबा धाकट्या पातीच्या पागेवर. थोरल्याच्या माणसानं धाकट्याच्या माणसाला आधी मुजरा करायचा नाही. करणाऱ्याचं वतन जायचं.

उर्वी : आजोबा, संस्थानं विलीन होऊन पाऊणशे वर्षं होऊन गेली.

मोरोपंत : संस्थान विलीन झालं. मी नाही झालो.

उर्वी : आणि वतन कुठाय जायला?

मोरोपंत : वतन नाही म्हणून वळणही नाही का?

उर्वी : पण मग पन्नास-साठ वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना भेटायचात कसे?

मोरोपंत : रोज भेटणाऱ्याला कुणी नमस्कार करतं का? तो यायचा आणि कालचं वाक्य जिथं तुटलं तिथून बोलायला लागायचा. 'आणि म्हणून मी त्या कंडक्टरला सांगितलं,' असा आत यायचा. नमस्काराचा प्रश्न आला तो धारला. विनीताच्या लग्नात.

उर्वी : मला चांगलं आठवतंय. मी चौदा वर्षांची होते, दारात गुलाबदाणी घेऊन उभी होते.

मोरोपंत : मग तूच सांग. मी वधुपिता. तो समोरून आला, फेटा बांधून. चारचौघांत, आमंत्रणानं, म्हणजे रीतसर भेट. मी वाट बघतोय हा हात जोडेल. तो वाट बघतोय मी जोडेन.

उर्वी : आणि मी वाट बघतेय की कुणीतरी काहीतरी करेल. तोवर मी गुलाबपाणी शिंपडत राहिले. दुसरं काय करणार? अर्धी गुलाबदाणी दत्ता आजोबांवर रिकामी झाली. त्यांच्या मिशांतून थेंब पडत होते. मागं माणसांची रांग बसस्टँडपर्यंत.

मोरोपंत : आणि मग तो वळला आणि गेला. न जेवता.

उर्वी : म्हणजे आता गुरुवारीही दोघं उभे राहणार.

मोरोपंत : नाही. तिथंच तर इटालियन येतं. नियम आहे तो मुजऱ्याचा, रामरामाचा, नमस्काराचा. इटालियनमध्ये आधी कुणी बोलायचं, याबद्दल थोरल्या पातीचा एकही कागद नाही. मी पाहिलं.

उर्वी : कुठं पाहिलंत?

मोरोपंत : ट्रंकेत. तीन दिवस लागले. घोड्याच्या चंदीबद्दल बत्तीस कागद आहेत, इटालियनबद्दल एक नाही. सबब, इटालियनमध्ये मी आधी बोललो तर कुठलाही नियम मोडत नाही.

उर्वी : आजोबा, हे तर ग्रेट आहे. मग चाओ म्हणा! मित्राला चाओच म्हणतात. भेटतानाही चाओ, निघतानाही चाओ.

मोरोपंत : चाओ. छोटा आहे. चुकायचा नाही. अर्थ काय त्याचा?

उर्वी : आता काही नाही, नुसता नमस्कार. मुळात व्हेनिसकडच्या बोलीत 'मी तुमचा दास' असा एक शब्द होता, तो झिजून झिजून चाओ झाला.

मोरोपंत : काय झाला?

उर्वी : चाओ.

मोरोपंत : मी तुमचा दास? मी? फडणिसांचा पणतू, पागेवाल्यांच्या दारात उभा राहून ओरडून सांगू की मी तुमचा दास?

उर्वी : आता तो अर्थ कुणालाही आठवत नाही!

मोरोपंत : मला आठवेल. आता तू सांगितलंस, आता तर मेलो तरी आठवेल. दुसरा शब्द काढ.

उर्वी : ब्वोनजोर्नो. शुभ दिवस. यात दास नाही, मालक नाही.

मोरोपंत : हा ठीक. त्याची गाडी अडीच वाजता निघणार आहे. अडीचला चालतो?

उर्वी : अडीचला... आजोबा, नेमकं तिथंच घोटाळा आहे. सकाळी ब्वोनजोर्नो आणि नंतर ब्वोनासेरा. पण 'नंतर' म्हणजे केव्हा, ते प्रत्येक गावात वेगळं. मला ते इतकं छळायचं की मी वही केली होती. आमच्या गल्लीतली पाववाली मला किती वाजता काय म्हणते, ते रोज लिहायचे. एकसष्ट नोंदी आहेत.

मोरोपंत : शाब्बास. मग?

उर्वी : सगळ्यात लवकरचा ब्वोनासेरा एक वाजून वीस मिनिटांनी. सगळ्यात उशिराचा ब्वोनजोर्नो चार वाजून पाच मिनिटांनी. बदल होतो तो सरासरी दोन पस्तीसला.

मोरोपंत : आणि प्रमाण विचलन?

उर्वी : चाळीस मिनिटं.

मोरोपंत : म्हणजे अडीच वाजता काहीही म्हटलं तरी जवळजवळ निम्मी शक्यता चुकण्याची. अकरा वर्षांनी तोंड उघडायचं आणि तेही चुकीचं? तो तिथं जाऊन सगळ्या इटलीला सांगेल. दुसरा शब्द.

उर्वी : मग एकच उरला. साल्वे. दिवसा, रात्री, कधीही. ज्याच्याशी फार सलगी नाही आणि अगदी परकाही नाही, अशाला साल्वे.

मोरोपंत : अर्थ? मुळापासून सांग. मागाहून दास निघायला नको.

उर्वी : मूळ लॅटिन. 'बरा राहा.'

मोरोपंत : बरा राहा. म्हणजे आशीर्वाद झाला! आशीर्वाद वरून खाली जातो. मी त्याच्यापेक्षा दीड वर्षानं मोठा. उर्वी, हा शब्द जणू थोरल्या पातीच्या दप्तरातून निघालाय. साल्वे. साल्वे. कसा वाटतो?

उर्वी : 'साळवी' म्हणताय असं वाटतं. जीभ दातांमागं लावा. ल साधा. साल्-वे.

मोरोपंत : साल्-वे. आणि तोही त्याच क्षणी काही बोलला तर?

उर्वी : मग प्रश्नच मिटला. दोघं एकदम.

मोरोपंत : एकदम असं काही नसतं. अंतर पंधरा पावलं.

उर्वी : पंधरा पावलं म्हणजे साधारण अकरा मीटर. आवाजाला सेकंदाचा तिसावा भाग लागेल. तुम्हाला तुमचा आवाज आधी ऐकू येणार, त्यांचा नंतर. त्यांना त्यांचा आधी, तुमचा नंतर. म्हणजे... अरे बापरे.

मोरोपंत : काय?

उर्वी : दोघांनाही वाटणार, आपणच आधी बोललो.

मोरोपंत : म्हणजे दोघंही हरले. मला वाटलंच होतं, शास्त्राचा इथं काही उपयोग नाही. कुठं निघालीस?

उर्वी : मला पाच वाजता दुसरी शिकवणी आहे.

मोरोपंत : कुणाची?

उर्वी : शिकवणीतलं मी बाहेर सांगत नाही. तुमचंही सांगणार नाही.

*

दत्ताजी : ये बेटा, ये. उर्वी, त्या खोक्यावर नको बसू, त्यात शेव आहे. ह्यावर बैस. ह्यात नुसते स्वेटर.

उर्वी : दत्ता आजोबा, किती शेव नेताय?

दत्ताजी : आठ किलो. विपुल फोनवर म्हणतो, बाबा, दोन किलो आणा. मी म्हटलं, भिया, दोन किलो तर दिल्लीपर्यंत संपेल. बोलोन्यात जाऊन पोह्यांवर काय घालू, बर्फ? चल, कालची उजळणी. विचार.

उर्वी : सकाळी पावाच्या दुकानात शिरलात.

दत्ताजी : ब्वोनजोर्नो!

उर्वी : रात्री लिफ्टमध्ये शेजारीण भेटली.

दत्ताजी : ब्वोनासेरा! मान जराशी खाली. हात जोडायचे नाहीत, जोडले तर तिला वाटेल काही मागून राहिलाय.

उर्वी : तुमची नात गुड्डी शाळेतून आली.

दत्ताजी : चाओ गुड्डी! आणि तिच्या कुत्र्यालाही चाओ. एकदम फर्स्टक्लास ना? खरं सांगू, मला मजा येऊन राहिलीय. चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी केली. तिथं दारावर नमस्कार नव्हता, झडती होती. जाताना झडती, येताना झडती. आता म्हातारपणी असा मुलुख मिळणार, जिथं दारातून आत गेलो की सगळे शुभ दिवस म्हणतात.

उर्वी : सगळे नाही म्हणत. तुम्ही म्हणायचं, मग ते म्हणतात. आत येणारा आधी.

दत्ताजी : काय? हे काल नाही सांगितलंस.

उर्वी : आज सांगतेय.

दत्ताजी : आत येणारा आधी... कमाल आहे. म्हणजे धारला मीच चुकलो म्हणते इटली?

उर्वी : धारला?

दत्ताजी : तू होतीस ना तिथं, माझ्यावर पाणी मारत होतीस. पण थांब, थांब. मी आत आलोच कुठं होतो? माझा एक पाय मंडपात होता, एक बाहेर. मग मी आलेला की नाही?

उर्वी : वजन कोणत्या पायावर होतं?

दत्ताजी : बाहेरच्या!

उर्वी : मग शास्त्राप्रमाणं तुम्ही बाहेरच होतात.

दत्ताजी : वा! आता हे मोऱ्याला कोण सांगणार? तो आपला थोरल्या पातीचा झेंडा घेऊन उभा. अरे, पात्या दोन, पण गाद्या बरोबरीच्या! आमच्या घरात शपथ आहे, थोरल्यापुढं आधी वाकायचं नाही. पणजोबांनी पाळली, आजोबांनी पाळली. मी उपाशीपोटी धारहून इंदूर, इंदूरहून देवास, दोन बसगाड्या बदलत आलो, पण पाळली. जेवणात बासुंदी होती बेटा. मागच्या बाजूला कढई दिसत होती मला.

उर्वी : तुम्ही मला हे सगळं सांगताय, आणि त्यांना...

दत्ताजी : त्याला काही सांगायचं नाही. शपथ घे. हं. आता असं सांग, भेटताना आत येणारा आधी. ठीक. आणि निघताना? जाणारा आधी म्हणतो की राहणारा?

उर्वी : जाणारा.

दत्ताजी : नक्की?

उर्वी : दुकानातून निघतानाही गिऱ्हाईकच आधी म्हणतं, आरिवेदेर्ची.

दत्ताजी : मग मारला गेलो. गुरुवारी जाणारा मीच आहे.

उर्वी : मराठीतही तसंच आहे की. जाणाराच म्हणतो, 'येतो'.

दत्ताजी : मराठीत शपथ आहे ना! मराठीत 'येतो' म्हणायला आधी 'आलो' म्हणावं लागतं. अकरा वर्षांत मी 'आलो' म्हटलेलं नाही.

उर्वी : आणि इटालियनमध्ये शपथ आहे?

दत्ताजी : ... नाही. पणजोबांना इटली कुठं ठाऊक? त्यांना उज्जैनच्या पलीकडचं सगळं कलकत्ता वाटायचं. अरे यार. इटालियनमध्ये शपथ नाही!

उर्वी : तुम्ही हसताय काय?

दत्ताजी : तू का हसतेस?

उर्वी : काही नाही. शिकवणीतलं आहे.

दत्ताजी : आरिवेदेर्ची. म्हणजे?

उर्वी : पुन्हा भेटेपर्यंत.

दत्ताजी : आणि पुन्हा भेटायचंच नसलं तर? त्यालाही असेल ना शब्द?

उर्वी : आहे. आद्दिओ.

दत्ताजी : तो नको शिकवू. पुसून टाक त्या कागदावरून. पूर्ण पूस, अर्धा दिसतोय अजून.

उर्वी : पुसला.

दत्ताजी : बेटा, एक सांगतो. रोज टेकरी चढताना मागून त्याची काठी वाजते. टक, टक. माकडांसाठी म्हणून ठेवतो, पण खरं तर त्याला दम लागतो, ते कुणाला कळू देत नाही. काठी थांबली की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधतो. टक झालं की उठतो.

उर्वी : दत्ता आजोबा, तुमच्या बुटाला नाडी नाहीये.

दत्ताजी : हो ना. पट्टीचा बूट आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून. त्याला मागून दिसत नाही.

*

उर्वी : आजोबा, दोन वाजून अठरा मिनिटं झाली. त्यांच्या फाटकाबाहेर उभं राहून काय होणार? डबा तरी माझ्याकडं द्या, जड आहे.

मोरोपंत : डबा राहू दे. मी अडचणीत आलोय. फाटकातून आत पाऊल टाकलं की मी आत येणारा. आत येणारा आधी. आपणच मान्य केलंय.

उर्वी : पण तुम्हाला आधीच तर म्हणायचं होतं! इटालियनमध्ये नियम लागत नाही म्हणून!

मोरोपंत : नियम लागत नाही म्हणून मी मोठ्या मनानं म्हणणार होतो. आता नियमच लागून म्हणावं लागतंय. दोन्हींत फरक आहे.

उर्वी : मग बाहेरून म्हणा.

मोरोपंत : बाहेरून? दूधवाल्यासारखं?

उर्वी : ड्रायव्हर सामान बांधतोय. शेवेचं खोकं वर गेलं. आणि ते बघा, ओट्यावर आले.

दत्ताजी : उर्वी! बेटा, बरं झालं आलीस. कुणी आहे का बरोबर?

उर्वी : दिसतंय की तुम्हाला, दत्ता आजोबा.

दत्ताजी : ऊन फार आहे. काही दिसत नाही.

मोरोपंत : उर्वी, त्यांना विचार, पासपोर्ट वरच्या खिशात ठेवलाय का. पिशवीत ठेवायचा नसतो.

उर्वी : दत्ता आजोबा...

दत्ताजी : ऐकलं. सांग, वरच्याच खिशात आहे.

मोरोपंत : आणि गुडघ्याचा पट्टा?

दत्ताजी : सांग, बांधलाय. विचार, सकाळी टेकरीवर काठी का वाजली नाही.

मोरोपंत : सांग, मी गेलो नाही. काम होतं. आणि निघायच्या दिवशी ते तरी कुठं टेकरी चढले असतील? मग त्यांना कसं कळलं, काठी वाजली की नाही?

दत्ताजी : सांग, मी पायथ्याशी उभा होतो. पाऊण तास.

उर्वी : मी काही सांगणार नाही. मला दोघांचंही ऐकू येतंय आणि तुम्हालाही येतंय. मी इथं उभी राहते, बरोबर मधोमध. त्या पायरीपासून इथवर साडेसात पावलं, इथून फाटकापर्यंत साडेसात. आता मला कुणी काही विचारायचं नाही. दोन पंचवीस झाले.

(ड्रायव्हर एकदा हॉर्न वाजवतो. मग दोघं एकदम.)

मोरोपंत : साल्वे!

दत्ताजी : आरिवेदेर्ची!

मोरोपंत : काय म्हणालास?

दत्ताजी : तू काय म्हणालास?

मोरोपंत : मी साल्वे म्हणालो. भेटताना म्हणतात. मी आत्ता भेटतोय आणि तू निरोप घेतोस?

दत्ताजी : जाणारा आधी म्हणतो, म्हणून म्हटलं. आणि मी आधी म्हटलं.

मोरोपंत : तू आधी? मी आधी म्हटलं! मी माझ्या कानानं ऐकलं.

दत्ताजी : मीही माझ्याच कानानं ऐकलं! आधी आरिवेदेर्ची, मग साल्वे!

मोरोपंत : धडधडीत खोटं. अकरा वर्षांनी मी आधी तोंड उघडलं, थोरल्या पातीचा माणूस असून उघडलं, आणि याचं श्रेय तू घेतोस?

दत्ताजी : अरे, धाकट्या पातीची शपथ मी मोडली! ते असं फुकट जाऊ देऊ?

मोरोपंत : उर्वी! कोण आधी?

दत्ताजी : हां, बेटा, तू बोल. कोण आधी?

उर्वी : मी मधोमध होते. दोन्ही एकदम आले. अगदी एकदम.

मोरोपंत : एकदम असं काही नसतं.

दत्ताजी : बरोबर. नसतंच.

उर्वी : पाहा, यावर तरी तुमचं एकमत झालं.

दत्ताजी : तुला इटालियन कुणी शिकवलं रे मोऱ्या?

मोरोपंत : हिनं. सोमवारी. तुला?

दत्ताजी : हिनंच. रविवारपासून.

मोरोपंत : उर्वी!

उर्वी : शिकवणीतलं मी बाहेर सांगत नाही. मी ड्रायव्हरकाकांना थोडं थांबायला सांगते.

दत्ताजी : सांग, विमान रात्रीचं आहे. आणि म्हण की म्हाताऱ्याची नाडी सुटलीय. ए मोऱ्या, तिथं फाटकात काय उभा? आत ये.

मोरोपंत : येतो. पण माझा एक पाय आत आहे, एक बाहेर, हे लक्षात ठेव.

दत्ताजी : वजन कोणत्यावर?

मोरोपंत : हे तुला कुणी शिकवलं?

दत्ताजी : जाऊ दे. डब्यात काय?

मोरोपंत : बासुंदी. सकाळपासून आटवत होतो. म्हणून टेकरीवर आलो नाही. लागली आहे थोडी खालून.

दत्ताजी : वाट्या सगळ्या खोक्यांत बांधल्या. झाकणातच घाल. थांब, दोन झाकणं आहेत ना डब्याला? झालं तर. बैस या पायरीवर. आणि म्हणून मी त्या व्हिसावाल्या पोराला सांगितलं, भिया, मला तिकडचं काही नको, मला फक्त...

मोरोपंत : काय फक्त?

दत्ताजी : विसरलो. आठवेल. खा. ... मोऱ्या, अकरा वर्षं एक विचारायचं राहिलंय. धारची बासुंदी कशी झाली होती रे?

मोरोपंत : मला काय ठाऊक? मी तरी कुठं जेवलो होतो.